उरलेल्या गोळ्या

डॉक्टर : ...अजून थोडा आ कर. हं, मीट आता तोंड. दोन्ही टॉन्सिल्स चांगल्याच सुजल्यात. वर्षभरात कितव्यांदा, ताई?

आई : सातव्यांदा. बर्फ चोखू नकोस म्हणून सांगून सांगून जीभ झिजली माझी.

मुलगी : एकदाच चोखला होता.

डॉक्टर : बर्फाचं सोडा. आत जंतू ठाण मांडून बसलेत. दरवेळी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. पुऱ्या झाल्या?

आई : हो.

डॉक्टर : मागच्या सहाही वेळा?

आई : हो, झाल्या ना.

डॉक्टर : मग औषधानं भागत नाही म्हणायचं. टॉन्सिल्स काढून टाकू. पुढच्या आठवड्यात भरती करा. भूल देऊ, पण नंतर दहा-बारा दिवस गिळताना दुखेल.

मुलगी : गोळ्या मी टाकून द्यायचे. खिडकीतून. आईला माहीत नव्हतं.

डॉक्टर : असं? का गं?

मुलगी : कडू असतात.

आई : खोटं बोलतेय ती.

मुलगी : आई, राहू दे ना.

आई : गप. डॉक्टर, मीच बंद करायचे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की वाटायचं, कशाला उगीच एवढं औषध लेकराच्या पोटात. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायचे आणि पुढच्या तापाला आधी त्याच द्यायचे.

डॉक्टर : तुम्ही औषधांच्या दुकानात आहात ना?

आई : अकरा वर्षं. काउंटरवर. बरं वाटलं तरी गोळ्या मधेच सोडू नका, हे दिवसभर लोकांना मीच सांगते.



डॉक्टर : मग मघाशी हो का म्हणालात?

आई : तुमच्या चिठ्ठ्या आमच्याच दुकानात येतात. कुठल्या तोंडानं सांगणार होते? पोरीला भूल द्यायची वेळ आली, तरी माझं आपलं हो ला हो.

डॉक्टर : आधी घशातला नमुना तपासू. मग सांगेन तितके दिवस, एकही गोळी न चुकवता. तरीही वरचेवर व्हायला लागलं, तर ऑपरेशनचं बघू. थांबा, नमुना घ्यायला कापसाची काडी घेऊन येतो.

मुलगी : आई, गोळ्या समोरच्या दुकानातून घेऊ या. तुझ्या दुकानात सगळे विचारतील.

आई : विचारू देत. माझ्यावर असं पांघरूण घालायला तुला कुणी शिकवलं गं?

मुलगी : कुणी नाही. आजी फोनवर विचारायची तेव्हा तू म्हणायचीस, सगळ्या दिल्या. मग मला विचारलं की मीपण तसंच सांगायचे.