भिवाचा बसलेला आवाज

सुंदराबाई : दोन बोटंच, नॉर्मन. जास्ती नाय. खोबरेल लावलं आन् मऊ फडक्यानं पुसून घेतलं.

नॉर्मन : तबकडीला? मावशी, तबकडीला कुणी तेल लावतं का?

सुंदराबाई : मग काय करू? पोराचा आवाज बसत चाललाय. आधी कसा खणखणीत व्हता. आता ऐकलं की वाटतं, ह्याला पडसं झालंय, रातभर खोकलाय. माझी आई घसा बसला की गळ्याला तेल चोळायची. मी म्हनलं, करून तर बघू.

शेवंती : मी म्हटलं होतं, त्याला हात लावू नका. पण सून गिरणीत गेली की घर सासूचं. तेल लावलं त्या दिवशी जरा गुळगुळीत वाजली म्हणे. दुसऱ्या दिवसापासून नुसती खरखर.

नॉर्मन : वाजणारच. तेलावर सगळी धूळ बसली. जरा इकडे द्या, खिडकीपाशी धरतो. ओ जीजस! वहिनी, किती वेळा वाजवली ही?

शेवंती : रोज. तुम्ही कलकत्त्याच्या हॉटेलात वाजवायला गेलात तेव्हापासून रोज. तळमजल्यावर गुणाजी आहे ना, त्याच्याकडे चावीचा फोनो आहे. लग्नाबारशाला भाड्याने देतो. ह्यांच्या आईला फुकट. वर स्वतः आणून ठेवतो.

नॉर्मन : पण मी ती ठेवायला दिली होती. वाजवायला नव्हती दिली.

सुंदराबाई : ठेवायला ते काय पितळेचं पातेलं हाय? माझ्या भिवाचा गळा हाय त्यात. ठेवून दिला आसता आन् ऐकलाच नसता, तर मी कसली आई?

नॉर्मन : मावशी, रागावू नका, ऐका. बाजारातली रेकॉर्ड कडक असते. एक फुटली तर दुकानातून दुसरी आणायची. ही तशी नाही. आम्ही स्टुडिओत वाजवत होतो, भिवा गात होता, आणि शेजारच्या मशीनवर ही तिथल्या तिथे कोरली जात होती. आत पत्रा आहे, वरून मऊ थर. नखाने ओरखडा निघेल इतका मऊ. अशी एकच आहे. कंपनीला ऐकवायला केली होती. तिच्यावरून गुणाजीची पोलादी सुई फिरली की तो थर खरवडून निघतो.

सुंदराबाई : खरवडून निघतो म्हंजे?

नॉर्मन : म्हणजे दर वेळी थोडा आवाज जातो.

सुंदराबाई : कुठं जातो?

नॉर्मन : कुठे म्हणजे... कुठेच नाही. भुगा होतो त्याचा. सुईच्या टोकाला काळं काळं लागतं बघा, ते.

सुंदराबाई : ते तर मी पदरानं पुसून टाकते.

शेवंती : आत्याबाई, असू द्या. बसा इथे.

सुंदराबाई : म्हंजे मीच. रोज जेवनं झाली की चावी द्यायची आन् आपल्या हातानं लेकराला पुसत बसायचं. आन् वर त्यालाच सांगायचं, भिवा, हळद घालून दूध पी रे, आवाज बसलाय तुझा.

नॉर्मन : तुम्हाला कोण सांगणार होतं? बघून काही कळत नाही. म्हणूनच तर आलोय मी. फोर्टात एका स्टुडिओत आता टेपचं मशीन आलंय. आवाज फितीवर उतरवून घेतात. तिथला माणूस माझ्या ओळखीचा आहे, आज संध्याकाळी घेऊन ये म्हणाला. हलक्या सुईने एकदाच वाजवायची. मग त्या फितीवरून हव्या तेवढ्या तबकड्या, कडक, बाजारासारख्या. तुम्ही दिवसभर वाजवत बसा.

शेवंती : नको.

नॉर्मन : काय नको?

शेवंती : दिवसभर नको. न्यायची तर न्या, नॉर्मनभाऊ. पण परत आणू नका.

सुंदराबाई : शेवंते!

शेवंती : आज मला बोलू द्या. पाळी सुटली की मी घरी येते. तिसऱ्या माळ्यावर पाय ठेवला की ह्यांचा आवाज येतो. मला माहीत असतं, डब्यातून येतोय. तरी पाय धावतात. रोज धावतात. दारापर्यंत मला नवरा असतो, दार ढकललं की नसतो. एकदा गेलेल्या माणसासाठी मी किती वेळा रडायचं?

सुंदराबाई : मला काय त्याचं कमी दुःख हाय?

शेवंती : तसं नाही म्हणत मी. पण सुजाता त्या फोनोला बाबा म्हणते. कर्ण्यात तोंड घालून हाका मारते. काल मूठभर कुरमुरे टाकले आत. मी काठीने काढत बसले.

सुंदराबाई : लेकीनं बापाला हाक मारू नये का?

शेवंती : बापाला मारावी. कर्ण्याला नको. ते गेले तेव्हा पोरगी पोटात होती माझ्या. बाप म्हणजे काय ते तिला कुणी सांगायचं? गुणाजीच्या फोनोने?

नॉर्मन : हे मला ठाऊक नव्हतं, वहिनी.

सुंदराबाई : सगळं तुझ्यामुळं, नॉर्मन. आमचा भिवा जलशात गायचा. भीमजयंतीला मैदान भरायचं त्याच्यासाठी. तुझ्या त्या काळ्या मानसाच्या तबकडीनं त्याला नाद लावला.

नॉर्मन : नाद मी नाही लावला. माझा भाऊ आल्बर्ट त्याच्याच गिरणीत फिटर. जलशात त्याला ऐकला आणि म्हणाला, ह्याला आपल्या बँडच्या प्रॅक्टिसला गिरगावात आणतो. मी त्याला एक रेकॉर्ड ऐकवली, एका अमेरिकन खलाशाने दिलेली. भिवाला त्यातला एक शब्द कळत नव्हता. डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, हा आमच्यातला आहे.

सुंदराबाई : कुठला आमच्यातला? सायबाच्या देशातला ना?

नॉर्मन : मीपण तेच म्हटलं. म्हटलं, अरे, हा तिकडचा काळा माणूस. ह्यांचे आजे-पणजे कापसाच्या शेतात गुलाम होते. ह्या गाण्यांना ब्लूज म्हणतात. तर मला म्हणतो, बघ, कापूसच निघाला. त्यांनी वेचला, आम्ही कातला. गाणं वेगळं कसं निघेल?

शेवंती : त्या दिवशी घरी येऊन गुणगुणत होते. मी म्हटलं, हे काय रडगाणं? तर म्हणाले, रडणं नाही गं. रडून झाल्यावर माणूस जे बोलतो ना, ते आहे.

नॉर्मन : खरं आहे. आम्ही चौघं बँडवाले कागद बघून तो सूर वाजवत होतो. अगदी बरोबर वाजवत होतो आणि तरी खोटा लागत होता. त्याने मराठीत चार ओळी रचल्या, आपल्या जलशासारख्या. तो एक ओळ टाकायचा, माझी गिटार तिला उत्तर द्यायची. तेव्हा कुठे आमचं वाजवणं खरं झालं. स्टुडिओत मात्र माइकपुढे आला आणि मागे सरकला.

शेवंती : का?

नॉर्मन : म्हणाला, गिरणीत आमच्या माणसाला कापड विणायच्या साच्यावर घेत नाहीत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो ना, म्हणून. माझ्या तोंडाचा धागा चालत नाही, गाणं चालेल का?

सुंदराबाई : आन् तू काय म्हनलास?

नॉर्मन : काय म्हणणार? गिटार सुरू केली. तो पुढे आला आणि गायला.

सुंदराबाई : हे मला नाय सांगितलं त्यानं. घरी आला आन् दोन वेळचं एकदम जेवला. मला वाटलं, खूश हाय.

शेवंती : खूशच होते.

सुंदराबाई : आन् त्याच आठवड्यात मी नळावर गेले. पानी भरून आले तर ह्यो कामाला गेलेला. रोज सांगून जायचा, आये, येतो गं. त्या दिवशी नळावर भांडनं लागली, मला उशीर झाला. संध्याकाळी लालबागेत गोळ्या चालल्या. आता समितीवाले येतात, हुतात्म्याची आई म्हनतात, हार घालतात. महाराष्ट्र मिळूदे, मुंबई मिळूदे, मला बी पाहिजे हाय. पन हार नको. तो जाताना मला बघायचा व्हता, बाकी काय नाय.

नॉर्मन : मावशी, एक मिनिट. हे काय आहे?

शेवंती : काय झालं? तडा गेलाय?

नॉर्मन : तडा नाही. हे बघा, बाहेरच्या कडेकडून सगळी पांढरट झालीय. गेली ती. खोटं कशाला सांगू, टेपवर खरखरच येणार. पण हा आतला पट्टा बघा, मधल्या भोकाकडचा. काळाभोर. उजेड पडला की चकाकतोय. इथे सुई गेलेलीच नाही. मावशी, तुम्ही शेवटपर्यंत वाजवत नव्हतात?

सुंदराबाई : नाय.

नॉर्मन : कधीच नाही?

सुंदराबाई : तुझी ती गिटार हळू व्हायला लागते ना, तिथं मला कळतं, आता संपनार. मी सुई उचलते. संपलं म्हंजे तो गेला. मी नाय जाऊ देत. सुई उचलली की तो तिकडं गातोच हाय, फकस्त आपल्याला ऐकू येत नाय.

शेवंती : मला वाटायचं, फोनोची चावी संपते म्हणून बंद पडतो.

सुंदराबाई : चावी मी भरपूर देते, बाय.

नॉर्मन : मावशी, गाणं संपल्यावरही मशीन थोडा वेळ चालूच होतं. भिवा काहीतरी बोलला होता. आम्ही सगळे हसलो. काय बोलला ते काही केल्या आठवत नाही. आल्बर्टला विचारलं, त्यालाही नाही आठवत.

सुंदराबाई : बोलला? गान्याच्या नंतर?

नॉर्मन : हो. ह्या काळ्या पट्ट्यात आहे ते.

सुंदराबाई : आन् इतके दिवस ते हितं माझ्या घरात पडून व्हतं? वाजव.

नॉर्मन : इथे नको. तेवढंच शाबूत राहिलंय. टेपवर स्वच्छ येईल. उद्या फितीवरून ऐका की.

सुंदराबाई : वाजव म्हनते ना.

नॉर्मन : माझ्याकडे बांबूची सुई आहे, पोलादीपेक्षा पुष्कळ मऊ. पण तीही थोडं खरवडणारच. आणि आता तुम्हाला ठाऊक आहे, मावशी. आता ठाऊक असून...

सुंदराबाई : ठाऊक हाय म्हनूनच सांगते. एकदा हा घरातनं मला न सांगता गेला. आता दुसऱ्यांदा नाय जायचा. आधी हितं बोलू दे, मग तुझ्या फोर्टात ने नाय तर समुद्रापार ने.

नॉर्मन : वहिनी, तुम्हीच सांगा ह्यांना.

शेवंती : वाजवा.

नॉर्मन : तुम्हीसुद्धा?

शेवंती : दोन वर्षं तीच ओळ, तोच ठसका, तोच श्वास. सगळं पाठ झालंय. मेलेलं माणूस नवीन काही बोलेल असं कधी मनात आलं नव्हतं. भीती वाटते, नॉर्मनभाऊ. पण आता न ऐकता तुम्हाला जाऊ दिलं तर मला उभ्या जन्मात झोप लागायची नाही.

सुंदराबाई : सुजाताला आणतेस? राधाबाईकडं खेळतीय.

शेवंती : नको. ती परत कर्ण्यात हाका मारायची. तिला समज आली की मी फितीवरून ऐकवीन, आणि शेजारी बसून सांगेन कोण ते.

नॉर्मन : बरं. फोनो पुढे ओढा. ही पोलादी सुई काढून टाकतो. मावशी, तुम्ही लांब बसा. शेवट आला की तुमचा हात आपोआप पुढे येईल.

सुंदराबाई : शेवंते, माझा हात धरून ठेव.

शेवंती : धरला.

(नॉर्मन चावी देऊन बांबूची सुई तबकडीच्या आतल्या पट्ट्यावर टेकवतो. गिटार हळू होत होत थांबते.)

भिवा : झालं? नीट झालं का रे? नसंल झालं तर परत म्हनतो. मला काय घाई नाय.

शेवंती : हसले. आत्याबाई, ऐकलंत का? बोलता बोलता हसले.

नॉर्मन : ते पुढचं हसणं आमचं. आता नुसतीच फिरतेय. मावशी, उचलू सुई?

सुंदराबाई : थांब जरा. झालं रे, राजा. लई नीट झालं. आता परत नको म्हनू.