धुतलेले पाय

खाणीत उतरताना नाई वाटलं एवढं भेव मले चर्चमध्ये वाटलं, सांगतो.

पवित्र गुरुवारी येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आमचे फादरही बारा जणांचे धुतात. औंदा त्यात माझं नाव आलं न् झोप उडाली. कोळशानं काळ्या पडलेल्या भेगा कोणाले दाखवाव्या? बायकोनं दुपारभर खाली बसून दगडानं घासून काढल्या.

फादर पुढ्यात वाकले, तवा मी डोळे मिटून पाय पुढं केले.

त्यायनं हळूच विचारलं, "एवढे साफ? कोणी धुतले?"

"बायकोनं."

"मंग तिचे कोण धुईन?"

घरी आल्याबरोबर परात न् पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या पायाशी बसलो. तिचं तोंडच उतरलं.

"काऊन जी," ती म्हणाली, "काय करून आले तुमी?"