तिसरी पट्टी

(आश्विनातली दुपार. वर्धा नदीत एक डोंगा. वल्हं मारणारा म्हातारा रूपराव भोई. समोर मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली सीताबाई.)

सीताबाई : कारडावर एकच ओळ लिवली त्यायनं. 'तिसऱ्या पट्टीत नापास झालो, बाकी खुशाल.' बाकी खुशाल म्हंजे काय, काका? मानूस नापास झाला का खुशाल झाला?

रूपराव : तुहा नवरा, प्रेमदास, तसाच हाये, पोरी. मधधारेत असला तरी बोलाचं ते काठावर येऊन बोलन.

सीताबाई : मी महिनाभर माहेरी, बापाचं दुखनं काढून राह्यली होती. इकडं काय झालं मले मालूम नाई. त्यायले दोर बांधाचं तुमीच शिकवलं, परीक्षेच्या दिवशीबी तुमी तिथंच होते. तुमीच सांगा.

रूपराव : सांगतो. घाई नको करू, आज पानीबी घाईत नाई. पाय, कसं थांबल्यावानी दिसते.

सीताबाई : दिसते खरं. वर ढग अन् खाली ढग. डोंगा चालते का नाई तेच समजत नाई.

रूपराव : चालते. तर आयक. पुरानं आपल्या गावची दोन मानसं नेली, तवापासून हे पथक. पुरात, रानात मानूस हरपला तर हुडकाचा, काढाचा. एकेक परीक्षा पास झाली का बाहीवर एकेक पट्टी. पयली पट्टी पोयन्याची. ते त्यानं हसतहसत घेतली. दुसरी दोराची. तिच्यासाठी त्याले गावच्या मालकाच्या, पुंडलिकरावच्याच विहिरीत उतरवलं मी. वर आला तवा कठड्यावर हात ठेवून उगाच उभा राह्यला. मी म्हनलं, थकला का? तर म्हने, नाई काका, हा कठडा लहानपनी लांबूनच पाह्यला होता.

सीताबाई : हे नाई सांगतलं मले.

रूपराव : तिसरी नायकाची. तिच्यात अंगाचं काम नाई, अन् तेच कठीन. नायकानं निशान घेऊन एका जाग्यावर उभं राह्यचं. कोनाले कुठं धाडाचं ते ठरवाचं. समद्यायनं एकदम आवाज देवाचा, मंग वीस आकडे मोजेपर्यंत श्वासबी हळू घेवाचा अन् आयकाचं. जागा सोडाची नाई. जागा सोडली का नापास.

सीताबाई : त्यायनं सोडली.

रूपराव : सोडली. कशी सोडली ते आयक. त्या दिवशी पहाटपासून धुवारी, दाट धुकं पडेल होतं, नदीवरून वावरात, वावरातून रानात. आपलाच हात आपल्याले दुसऱ्याचा वाटावा अशी. परीक्षा घ्याले वर्ध्याहून आलेल्या प्रभाकररावनं कडब्याचा मानूस करून रानात लपवला होता. त्याले हुडकाचं हेच परीक्षा होती. अन् तेवढ्यात पुंडलिकराव अनवानी धावत आला. त्याची माय घरात नव्हती.

सीताबाई : शकुबाई? थे तर ओसरीच्या खाली उतरत नाई.

रूपराव : हाव, पन दोन सालापासून तिचं मन ठिकान्यावर नाई. सुनेले आत्या म्हनते, लेकाले वळखत नाई. थे त्या धुवारीत निंगून गेलती. प्रभाकररावनं घड्याळ खिशात टाकलं, प्रेमदासले म्हने, आता खरं मानूस हरपलं, पथक तुझ्या हाती हाये. प्रेमदास मोहाच्या झाडाखाली उभा राह्यला. चौदा जन पांगवले त्यानं. आवाज देल्ला, 'शकुबाई होऽ'. मंग समदं चूप. काय सांगू तुले, तशी शांतता मी नदीवरबी नाई आयकली. पानावरचं पानी टपकते तेवढंच. गाव नाई, रान नाई, आपुन नाई, असं वाटे. धा खेप आवाज देल्ला. 'आजी' म्हून देल्ला. पुंडलिकरावनं 'माय' म्हून देल्ला. काईच नाई.

सीताबाई : नाल्यात त गेली नव्हती?

रूपराव : समद्यायले तीच भीती. तवा प्रेमदासनं पुंडलिकरावले जवळ बलावलं अन् इचारलं, का मालक, तुमची माय सुनेले आत्या म्हनते, म्हंजे थे आता लहान झाली हाये. लहान पोर शकुबाई म्हनल्यानं कशी देईन ओ? लग्नाच्या आंधी माहेरी तिले कोन्या नावानं बलावत?

सीताबाई : मंग?

रूपराव : पुंडलिकराव पन्नाशीचा मानूस. म्हने, मले नाई मालूम. कोनी सांगतलंच नाई. अन् मंग तिथंच खाली बसला.

सीताबाई : आमच्या आत्याबाईले मालूम असन.

रूपराव : तुह्या सासूले, धुरपताले. त्या दोघी एकाच गावच्या लेकी, हे प्रेमदासले मालूम होतं. पन धुरपता होती तुमच्या वस्तीत, अर्ध्या कोसावर. कोनाले तरी धाडाचं होतं. त्यानं जवळ उभ्या चौघांच्या तोंडाकडं पाह्यलं. दोन साल झाले तुमाले बुद्धाची दीक्षा घेऊन, तुमी देव बदलले, पन आमी कुठं बदललो? तुमच्या दारात जाऊन म्हातारीजवळ बसाचं, इचाराचं. कोनी पुढं नाई आलं.

सीताबाई : तुमी?

रूपराव : मले म्हने, काका, तुमी जाता का? मी म्हनलं, मले दोर सांभाळाचा हाये.

सीताबाई : रानात कायचा दोर, काका?

रूपराव : खांद्यावर होता. सांभाळाचं काई नव्हतं.

(सीताबाई गाठोडं उचलून त्याच्यापासून मागं सरकते.)

रूपराव : बोल काई. शिवी दे पाह्यजे तर.

सीताबाई : वल्हं मारा तुमी. मंग काय झालं ते सांगा.

रूपराव : त्यानं निशान माह्या हाती देल्लं अन् पयाला. त्याले तसं धुवारीत जाताना पाह्यलं मी. आंधी पाय गेले, मंग पाठ गेली. इकडं पथकातल्या कवडूले दम निंगेना. म्हातारी नाल्यातच असन म्हून हुकूम नसताना उतरला अन् भोवऱ्यात सापडला. दोघांनी ओढून काढला, नाईतर गेलाच होता. तेवढ्यात प्रेमदास धुरपताले इचारून आला. झाडाखाली उभा राह्यला, अन् बाईमानसानं लेकराले बलवावं तसा बारीक आवाज काढला. 'गोजरीऽ, ओ गोजरी, बोरं पिकली वं.'

सीताबाई : गोजरी.

रूपराव : वीस मोजाचेबी नाई लागले. चिलाटीच्या झुडपामांगून आवाज आला, 'आली वं धुरपे, थांब नं.' सत्तर सालाची बाई, पन आवाज आठ सालाच्या पोरीचा. नाल्याच्या ऐन काठावर बसली होती, पाय खाली सोडून. लुगडं वलंचिंब.

सीताबाई : धुरपे म्हनली? आत्याबाईले?

रूपराव : हाव. त्या दोघी लपूनछपून एका पदरातली बोरं खात. धुरपतानं साठ सालात कोनाले नाई सांगतलं. पोरालेबी नाई. त्या सकाळी सांगतलं.

सीताबाई : इतकं करून नापास केलं त्यायले?

रूपराव : आमी समदे भांडलो प्रभाकररावशी. पुंडलिकरावनं त हात जोडले. प्रभाकरराव काई बोलाच्या आंधी प्रेमदासच म्हनला, नापासच लिवा, साहेब. म्हातारी सापडली ते खरं, पन मी गेलो अन् कवडू पान्यात गेला. नायकानं जाग्यावरच राह्यलं पाह्यजे. ज्याले धाडता येईन असं मानूस माह्या पथकात नव्हतं, हा माहाच दोष हाये. माघात फिरून परीक्षा हाये, तवा येतो.

सीताबाई : मानसं तर तेच राह्यतीन. माघात कोनाले धाडतीन?

रूपराव : मले धाड म्हनलं मी. म्हनलं खरं. तर म्हने, काका, तुमी याच, पन अजून एक मानूस पाह्यजे. कोन्याबी घराच्या चुलीपर्यंत जाईन, बायायजवळ बसन, त्यायच्या पोटातलं काढून आनन असं. प्रभाकररावले त्यानं तोंडावर इचारलं, का पथकात बाई चालते का? त्यायनं नियमाचं बुक उलटंसुलटं पाह्यलं. बाई नको असं कुठं लिवेल नव्हतं.

सीताबाई : कोन बाई?

रूपराव : ते त्यानं मले नाई सांगतलं. तुले इचारल्याबिगर नाव घ्याचं नाई म्हने.

सीताबाई : अन् शकुबाई?

रूपराव : घरी हाये, तशीच हाये. पन पुंडलिकराव आता तुमच्या वस्तीत येते. धुरपताच्या दारात, खाली बसते. माय लहानपनी काय खेळे, कोनाले भीत होती, कोन्या झाडावर चढे, इचारत राह्यते. धुरपता सांगते. परवा तिनं पानी देल्लं त्याले. त्यानं पेलं.

सीताबाई : पयली पट्टी पोयन्याची म्हनली ना तुमी?

रूपराव : हाव. हा काठ ते तो डोहाचा दगड. पन्नास हात. काऊन?

सीताबाई : माहेरी आमच्या घरामांगं तलाव होता. भावायच्याबी पुढं निंगून जाओ मी. लग्न झालं अन् मंग घागरीपुरतंच पानी. बारा साल झाले.

रूपराव : अंग इसरत नाई म्हनते.

सीताबाई : इथून काठ किती असन?

रूपराव : असन चाळीसेक हात. धार नाई इथं. पन पोरी, लुगड्यानं...

सीताबाई : कासोटा घट्ट हाये. हे गाठोडं धरा, काका. यात त्यायचं कारड हाये, वलं होऊ देऊ नका.