बिनसाखरेचा कप

जुईनगरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघं बसली होती.

"शिर्डीला चालत गेलात ना, भावजी? घोटीजवळ राहीबाईंच्या हॉटेलात थांबलात का?"

"थांबलो की, वहिनी. पिठलं तसंच. पाय बुडवायला गरम पाण्याची बादलीबी तशीच."

"दरसाल तुम्ही दोघं भाऊ जायचात, ह्यांची चौकशी केली असंल."

"नाही. मी बसलो तर समोर चहाचे दोन कप ठेवले, एक बिनसाखरेचा. त्यांना वाटलं, दादा मागनं येतोय."

"सांगितलं नाहीत, ते गेले म्हणून?"

"जीभच उचलंना."

"मग तो कप?"

"मीच प्यायलो. निघताना म्हणाल्या, दादासाठी पाणी गरम ठेवते."

"पुढल्या वर्षी मी चालते तुमच्यासंगं. माझं मोकळं कपाळ बघितलं की कळंल त्यांना."