गंज वरवरचा आहे

आणि वर पप्पा म्हणतात काय, तर गंज "वरवरचा आहे!" वरवरचा? तुम्हाला सांगते, ज्या गाडीच्या काचा वर, दारं बंद, डिकीला कुलूप, त्या गाडीतून सकाळी सकाळी मांजर बाहेर आली... एकेक करून तीन पिल्लं तोंडात धरून! आता मांजरीकडे काही किल्ली नव्हती, हो ना? म्हणजे गाडीला खालून भोक होतं. मांजरीएवढं! हे मी खिडकीतून पाहिलं, पण मी काही बोलले नाही. मी बोलतच नाही हो कधी, चारचौघांत माझा आवाजच फुटत नाही, आज फुटलाय तर एका दमात सांगून टाकते, मध्ये थांबले तर परत सुरू होणार नाही.

तर गाडी. आमच्या आजोबांची, चिमाजींची फियाट, माझ्या पप्पांपेक्षा दोन वर्षांनी लहान. आजोबांचा मखमलाबादला फुलांचा मळा, झेंडू, शेवंती, गुलाब, आणि ही गाडी रोज बाजारात फुलं न्यायची. फुलं म्हणजे कशी? ओली! पाणी मारून गच्च केलेल्या गोण्या, डिकीत दोन, मागच्या सीटखाली दोन. वीस वर्षं गाडीला रोज आतून अंघोळ, बाहेरून मात्र फक्त दसऱ्याला! मग ती गंजणार नाही तर काय चमकणार? आजोबा गेले, गाडी अंगणात राहिली, आणि आमच्या कुसाआजीने तिच्या टपावर पापड वाळवले. तिथपर्यंत सगळं छान होतं.

मग शुभांगीताईचं जमलं. मुलगा निफाडचा, ललित, घरची द्राक्षबाग. बैठकीत त्याचे वडील सहज म्हणाले, "नवरीला न्यायला आम्ही आमची नवी गाडी पाठवतो, छत उघडणारी, सनरूफवाली." आणि पप्पा, जे वाण्याकडेसुद्धा "नको, राहू द्या" यापलीकडे बोलत नाहीत, ते एकदम ताठ बसून म्हणाले, "माझी मुलगी तिच्या आजोबांच्या गाडीतून सासरी येईल." झालं! गेला शब्द! लग्नाला अडीच महिने, आणि गाडीवर तेव्हा नाचणीचे पापड.

आई म्हणाली, "अहो, ती गाडी फाटकापर्यंत तरी जाईल का?"

"छाया, इंजिन ठणठणीत आहे. गंज आहे नुसता. वरवरचा आहे, घासला की गेला."

हे पप्पांना मोबाईलवरच्या एका गोऱ्या माणसाने सांगितलं होतं. तो माणूस अकरा मिनिटांत अख्खी गाडी करतो आणि त्याचा शर्टसुद्धा मळत नाही! पप्पांनी ग्राइंडर आणला, पॉलिश पेपर आणला, डोळ्यांना चष्मा आणला, आणि बॅटरी धरायला मला घेतलं, कारण मी बोलत नाही. डाव्या दाराखाली रुपयाएवढा तांबूस डाग होता. रुपया घासला, त्याची पुरी झाली. पुरी घासली, तिची भाकरी झाली. भाकरी घासली, तिची परात झाली... आणि परातीतून मला गाडीच्या पलीकडची तुळस दिसायला लागली!

"वरवरचा आहे," पप्पा म्हणाले.

आजी ओट्यावरून ओरडली, "दत्तू, नको रे खरवडू! त्यो गंज हाय म्हणून गाडी उभी हाय!"

शेवटी आईने नाथाकाकांना बोलावलं. ते डेंटिंगचं काम करतात, तीस वर्षं झाली. त्यांनी कलिंगड वाजवून बघतात तशी अख्खी गाडी वाजवली आणि म्हणाले, "दत्तूभाऊ, हिच्यात लांबी लय हाय."

पप्पांची छाती फुगली. "असणारच! पूर्वीच्या गाड्या ऐसपैसच. आताच्या बघा, काडेपेट्या नुसत्या!"

"ती लांबी नाय हो भाऊ! गंजाची भोकं बुजवायला चोपडतात ती लांबी, पुट्टी! तुमच्या वडलांनी जिथं भोक दिसलं तिथं चोपडलीये." मग त्यांनी आमच्या फ्रिजवरचं, वणीहून आणलेलं देवीचं मॅग्नेट मागवलं आणि दाराला लावलं. ते जे घसरत निघालं... दारावरून खाली, थेट फरशीवर! "बघा. पत्रा कमी, लांबी जास्त. म्हैनाभर द्या मला, तळ सगळा नवा टाकून देतो."

पप्पांनी फरशीवरचं मॅग्नेट उचलून परत दारावर दाबून धरलं. मग म्हणाले, "नाही नाथाभाऊ. वरवरचा आहे. मी करीन."

हट्टी वाटतात ना? मलाही वाटले. पण नाथाकाका गेल्यावर मी पाहिलं, पप्पांनी मागच्या सीटखाली हात घातला, तिथून वाळून काळा पडलेला एक झेंडू काढला, फुंकर मारली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मी काही बोलले नाही.

मग काय, तळाला पत्रा कुठला? शेंगदाणा तेलाचा रिकामा डबा! पंधरा किलोचा! कापला, सपाट केला, रिव्हेट मारले, वर लांबी, वर काळा रंग, वर पायपुसणं. आणि बाहेरून? बाहेरून दुधावरच्या सायीचा रंग, असा चकचकीत की शेजारच्या यशोदाबाई विचारत आल्या, "नवीन घेतली का हो?" मांजर मात्र येऊन, खालून हुंगून, निघून गेली. तिला कळलं होतं. मलाही. पण मी काही बोलले नाही.

पाठवणीचा दिवस. चाकाखाली नारळ फुटला. मुलीच्या बापाने मागे उभं राहून रडायचं, अशी जगाची पद्धत. आमचे पप्पा गाडी चालवत रडत होते, कारण तो स्टेअरिंगजवळचा गिअर दुसऱ्या कुणाला पडेचना! पुढे ललितजीजू मुंडावळ्या सावरत, मागे ताई, करवली म्हणून मी, आणि आमच्या पायांशी रुखवतातली बुंदीच्या लाडवांची टोपली. चांदोरीच्या अलीकडे पहिला खड्डा आला, टोपली कलंडली, आणि खालून आवाज आला... टप्प! मी वाकून बघते तर पायपुसणं सरकलेलं, डब्याचा पत्रा एका बाजूने सुटलेला, आणि खाली रस्ता पळतोय! खड्डा आला की पत्रा उघडायचा, एक लाडू जायचा, पत्रा मिटायचा. खड्डा, लाडू, मिटला. खड्डा, लाडू, मिटला. आणि त्या रस्त्याला खड्ड्यांची कमी आहे का?

आता बोलावं तर कसं? रडणाऱ्या नवरीला "ताई, पाय वर घे" असं सांगतात का कधी? मी हिंमत करून म्हटलं, "पप्पा..." तर पप्पाच हुंदका देऊन म्हणाले, "रडू नको बाळा!" मी दोन्ही पाय वर घेतले, ताईचा शालू मुठीत धरला आणि निफाड येईपर्यंत लाडू मोजले. एक्काहत्तर.

दारात उतरलो. मागच्या गाडीतून ललितजीजूंच्या आत्या, अक्काबाई, पदर खोचत आल्या. "अगं बाई! आम्ही सगळ्या वाटेने बघत आलो! दर खड्ड्याला एक लाडू! ही कसली तुमची रीत?"

सगळं वऱ्हाड गाडीभोवती जमलं. पप्पांनी गाडीखाली पाहिलं, तिथे एक लाडू अजून लोंबत होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता ना, घासून घासून पलीकडचं दिसावं तसा... आणि माझ्या तोंडातून आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आवाज फुटला. "आमच्यात असतं. मुलीला माहेरची वाट गोड राहावी म्हणून."

अक्काबाईंच्या डोळ्यांत पाणी! "किती छान गं! आमच्यात नाही बाई असलं काही!"

आता आहे. मागच्या आठवड्यात त्यांच्याच घरातलं दुसरं लग्न होतं. कोरी करकरीत गाडी, गंज औषधालाही नाही, आणि सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर आलेल्या अक्काबाई, डोक्याला पदर, हातात परात, दर खड्ड्याला नेम धरून लाडू! रीत मोडायची नाही म्हणे.

आणि पप्पा? पप्पा परवा गाडी पुसता पुसता म्हणाले, "तुझ्या पाठवणीलाही हीच गाडी हं, निकिता. तळाला थोडा गंज आहे, पण वरवरचा आहे."

मी काही बोलले नाही. एकदाच बोलले होते, त्याचं काय झालं ते तुम्ही ऐकलंच!