टेपवरचा आवाज

मी वर्गात कधी तोंड उघडत नाही. त्यापायी एकदा माझे इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचे सगळे गुण जाणार होते.

गेल्या वर्षी इंग्रजीच्या बाईंनी शाळेसाठी बर्डीच्या बाजारातून टेपरेकॉर्डर आणला. तोंडी परीक्षेला एकेकीने शेजारच्या खोलीत जायचं, बाईंनी दाखवलेलं बटण दाबून धडा वाचायचा आणि मग बाई तो सगळ्या वर्गाला ऐकवून गुण देणार. मला हे फार आवडलं. समोर कोणी नव्हतं, म्हणून मी सावकाश, छान वाचलं. माझ्यानंतर मंदाची पाळी होती; ती दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी माझी टेप लागली.

"हा कोणाचा आवाज?" बाईंनी विचारलं.

मी उभी राहिले.

"खोटं वागू नकोस, कुसुम. कोणाकडून वाचून घेतलंस?"

मागून कोणीतरी म्हणालं, "हिले आवाज बी आहे काय वं?"

बाईंनी शून्य द्यायला पेन उघडलं, पण टेप तशीच सुरू होती. धडा संपला आणि तोच आवाज म्हणाला, "मंदे, हे बंद कसं करतात वं? मले भेव लागून राहिलं."

"मले काय माहीत, कुसुम? दाब कोणतंही."

बाईंनी दहापैकी आठ दिले. मशीन बंद न केल्याचे दोन कापले.

तास संपल्यावर मंदा म्हणाली, "त्यातले अर्धे माये. तुयं नाव त मीच घेतलं नं."