लाख एक पणत्यांचे वाटे

मंडळी, एक सांगा मला — आकडा कधी सोवळं पाळतो का? नाही ना? मग माणूस आपला खोटेपणा आकड्याच्या तोंडून का वदवतो? ऐका, काय झालं ते.

बेलसांगवीच्या भैरवनाथापुढं त्रिपुरी पौर्णिमेला लाख एक पणत्या लावायचं ठरलं. पणत्या केल्या कुणी? कुंभारवाड्यातल्या अकरा बायांनी! चार महिने माती तुडवली, भट्टीच्या धगीनं डोळे लाल झाले. सगळ्यांत पुढं सोनकाबाई. अक्षरओळख नाही, पण मोजण्यात कुणाला हार जायची नाही.

पौर्णिमेच्या सकाळी ती देवळात गेली. पुजारी धुंडिराजशास्त्री ओट्यावर बसले होते. म्हणाली, "बुवा, घडवल्या आम्ही, तर लावूबी आम्हीच. अकराजणी, सारख्या वाटून."

'तुम्ही कुंभारणी, बाहेर थांबा' असं तोंडावर म्हणायची शास्त्रीबुवांना लाज वाटली, बरं का. मग काय म्हणाले? "सोनके, लाख एक ही अभंग संख्या. मोडत नाही. तिचे सारखे वाटे पडत नाहीत. देवापुढं एकीला कमी, एकीला जास्त, हे पाप. इनामदारांच्या घरचे लावतील."

सोनकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. नुसतं नको म्हणाले असते तर गिळलं असतं तिनं. पण मोजण्यात फसवायचं? आणि तेही तिला?

"बुवा, शंभर पणत्या अकराजणींत वाटा. नऊ-नऊ आल्या, उरली एक. दहा हजारांत शंभर शेकडे, म्हंजे उरल्या शंभर. त्याबी वाटा. पुन्हा उरली एक. लाखात दहा वेळा दहा हजार, उरल्या दहा. आन् वरची देवाची एक. दहा न् एक किती?"

अकरा, मंडळी! प्रत्येकीला नऊ हजार एक्याण्णव — ना कमी, ना जास्त.

आता माणसानं मान खाली घालावी की नाही? हे गृहस्थ आत गेले, दुपारपर्यंत पाटीवर आकडे मांडत बसले आणि येऊन म्हणतात, "मग लाख तीन लावू. ती खरीच अभंग आहे."

आणि ते खरं होतं! लाख तीनचे सारखे वाटे कशानंच पडत नाहीत. केवढं ज्ञान, आणि वापरलं कशाला? अकरा बाया उंबऱ्याबाहेर ठेवायला!

सोनकाबाईनं मनात वाटून पाहिलं. दोन उरल्या. पुन्हा पाहिलं. दोनच. डोळे भरून आले तिचे. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "खरंय, बुवा. पण आम्ही लाख एकच घडवल्यात. वरच्या दोन तुम्ही वळा. माती मी आणून देते."

शास्त्रीबुवांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. जमलेलं गाव हसलं, आणि त्याच गावानं बायांना वाट करून दिली. दिवेलागणीला अकराजणी आत गेल्या. पणती लावताना सोनकाबाईनं दोन काड्या मोडल्या. आनंदानं नव्हे. एवढ्यासाठी एवढं भांडावं लागलं, त्या संतापानं.

तुम्हीही हसलात ना शास्त्रीबुवांना? आता मागं वळा. सकाळी या कीर्तनासाठी हे अंगण ज्यांनी सारवलं, तुमच्या बुडाखाली सतरंज्या घातल्या, त्या बाया दाराबाहेर चपलांपाशी उभ्या आहेत. त्यांच्यासाठी तुम्ही कुठला आकडा काढलाय? सरका जरा. त्या आत बसल्याशिवाय मी टाळांना हात लावणार नाही.